‘औषध फुकट आहे, मग रोख पैसे कशाला?’ – या पोस्टला उत्तर

गोवंडी_लिंक_रोड: परवा इथे एक पोस्ट आली. म्हणणं असं की एचआयव्हीची औषधं सरकार फुकट देतं, तेव्हा संस्थांनी बाधितांना रोख मदत बंद करावी, धान्याचं किट द्यावं आणि वाटपाचे फोटो टाकावेत, म्हणजे देणगीदाराला पैसा कुठे गेला ते कळतं. खाली सगळे ‘अगदी बरोबर’ म्हणून मोकळे झाले. मला ते पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

औषध फुकट आहे, मान्य. २००४ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा औषधोपचार, मोफत आहे, आणि २०१७ पासून सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकार पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की गोळ्या सुरू होतात. पण घर गोळीच्या किमतीने बुडत नाही, बुडलेल्या रोजाने बुडतं. एआरटी सेंटरला जायचं म्हणजे नोंद, वजन, समुपदेशक, डॉक्टर, रक्त, मग औषधाची खिडकी. नाक्यावरच्या मजुराचा दिवस तिथेच गेला. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं, आणि सोबत कुणी असेल तर खर्च दुप्पट. तब्येत स्थिरावली की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, पण सुरुवातीचे महिने आणि टीबी निघाला तर तो काळ, यात फेऱ्या वाढतात. डोस चुकतात ते नेमके तेव्हा.

आता किट. पाच किलो तांदूळ, साखर, तेल, एक डबा प्रोटीन पावडर. ज्यांचं नाव रेशनच्या प्राधान्य यादीत आहे त्यांना माणशी पाच किलो धान्य आधीच मोफत मिळतं, म्हणजे घरात तांदळावर तांदूळ. कमी पडते ती डाळ, अंडी, गॅसचा सिलिंडर आणि खोलीचं भाडं. वर उत्साहाने आयर्न-कॅल्शियमची पाकिटं टाकतात. टीएलडी ही सध्याची एचआयव्हीची रोजची गोळी, तिच्यातलं डोल्युटेग्राविर हे औषध रिकाम्या पोटी आयर्न किंवा कॅल्शियमबरोबर घेतलं तर नीट शोषलंच जात नाही. दोन्ही जेवणाबरोबर घ्यावं, नाहीतर टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि वाटणाऱ्यालाही माहीत नसतं.

फोटोबद्दल एकच सांगते. एचआयव्हीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लेखी संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. संस्थेच्या नावाचा बॅनर मागे असला की चेहरा झाकूनही चाळीला कळतं.

हिशोबनीस_दादर: ताई, ती पोस्ट माझीच. फोटोचा मुद्दा सोडा, बाकीच्यावर मी ठाम आहे. रोख हातात गेली की ती कोणाच्या हातात राहते? बाईला दिलेले पैसे संध्याकाळी नवरा मागतो, नाहीतर दीर मागतो. डाळ मागून कुणी गुत्त्यावर जात नाही. आणि कंपनीच्या सीएसआरचा (समाजकार्याच्या निधीचा) लेखापरीक्षक बिल मागतो. दुकानाचं बिल दाखवता येतं, ‘प्रवासासाठी दिले’ हे कसं दाखवायचं?

परळ_पुलाखाली: मुळात एचआयव्हीलाच वेगळं का धरायचं? टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर उपचारासाठी आलेली माणसं पडलेली असतात, त्यांना ना किट ना रोख. एचआयव्हीला स्वतंत्र कायदा, स्वतंत्र समुपदेशक, रेल्वेत सेकंड क्लासला ५० टक्के सवलत. आधी ज्याला काहीच नाही त्याचं बघा.

गोवंडी_लिंक_रोड: रेल्वेची सवलत कॅन्सरलाही आहे. आणि सरकारी पैसा म्हणाल तर दोघांची योजना एकच, राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना. त्यात कॅन्सर, टीबी, पक्षाघात, कुष्ठरोग, एचआयव्ही सगळे एकाच रांगेत.

तहसील_खिडकी_३: आणि ती रांग पुढे सरकतच नाही, ती कशामुळे ते लिहितो, कारण इथे त्याचा कुणी विषयच काढत नाही. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,०००. महिन्याला १७५०. मुंबईत दोन घरची भांडी करणारी बाईसुद्धा याच्या वर जाते. अनुदान ६०० चं १००० झालं, २०२३ मध्ये १५०० झालं. मर्यादा होती तिथेच. दुसरीकडे लाडक्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा, आणि पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. रक्कम दोन्हीकडे १५००. आजारी माणसाला बारापट गरीब असल्याचं सिद्ध करायला लावतात, हा कुठला न्याय?

हिशोबनीस_दादर: म्हणूनच सगळे स्वयंघोषणापत्रावर २१,००० च्या आतला आकडा लिहितात. समुपदेशकच लिहायला सांगतात. हे उघड बोला.

गोवंडी_लिंक_रोड: सरसकट आरोप करू नका. खोट्या घोषणापत्राची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. म्हणूनच जबाबदार माणूस कुणालाही आकडा सांगत नाही.

तहसील_खिडकी_३: दादा, तुम्ही गरिबाला खोटारडा म्हणताय, आणि ज्याने तो आकडा ठेवला त्याला काहीच विचारत नाही! दोन वेळचं जेवण मिळणारा प्रत्येक माणूस या मर्यादेत अपात्र ठरतो. खोटं लिहायला भाग पाडणारा नियम आधी बदला, मग शिकवणी घ्या.

हिशोबनीस_दादर: नियम चुकीचा आहे, हे मी नाकारलेलं नाही. पण चुकीच्या नियमावर खोटी सही हा उपाय सांगणाऱ्याने उद्या वसुलीची नोटीस आली की त्या बाईबरोबर तहसीलदारापुढे उभं राहावं. राहतं का कुणी?

चेंबूर_कॅम्प: भांडण बाजूला ठेवा, एक वाट दोघांच्याही लक्षात आलेली नाही. नवरा गेलेला असेल तर अर्ज ‘दुर्धर आजार’ या सदरात करूच नये, ‘निराधार विधवा’ या सदरात करावा. मर्यादा तीच, रक्कम तीच, पण कागद लागतो नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. ग्रीन बुकची (एआरटी उपचाराच्या वहीची) झेरॉक्स फाईलमध्ये लागत नाही, आणि वॉर्डातल्या चार टेबलांवर आजाराचं नाव फिरत नाही. मुलं १८ च्या आतली असतील तर बालसंगोपन योजना वेगळी: मुलामागे महिना २२५०, अर्ज महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात, आदेश बालकल्याण समितीचा. आईबाप बाधित असले तरी मूल पात्र ठरतं, मूल बाधित असायलाच हवं असं नाही. हे पुष्कळांना कुणी सांगतच नाही. आणि संजय गांधीचे १५०० चालू असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. दुसऱ्या योजनेतून १५०० किंवा जास्त मिळत असतील तर तिथे अपात्र.

परळ_पुलाखाली: आणि पुरुषांनी काय करायचं? विधवा सदर नाही, बहीण योजना नाही. एकटा राहणारा, वजन ४० किलोवर आलेला हमाल, त्याला परत २१,००० चीच खिडकी.

तहसील_खिडकी_३: त्याला तीच खिडकी. तृतीयपंथीयांनाही तीच. म्हणूनच मी मर्यादेवर अडून बसलोय. टीबी सोबत असेल तर तेवढ्यापुरते निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या आहार योजनेचे महिना १००० मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झालेत. उपचार संपला की तेही संपले.

आणखी एक. मंजुरी आली तरी पैसे येत नाहीत, त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे यावेत म्हणून खातं आधारला जोडणं. बँकेत केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. डीबीटी, म्हणजे सरकारचा थेट येणारा पैसा, त्याच खात्यात पडतं जे आधारला शेवटचं जोडलंय. मधल्या काळात कुठेतरी झीरो बॅलन्स खातं उघडलं असेल तर पैसे तिथे साचतात, आणि बाई जुनं पासबुक भरून रिकाम्या हाताने परत येते. आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, ओटीपीला मोबाइल जोडलेला हवा. मग ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत संमतीचा फॉर्म भरा. दरवर्षीचा हयातीचा दाखलाही चुकवू नका.

गोवंडी_लिंक_रोड: दादा, तुमच्या लेखापरीक्षकाचं उत्तर यातच आहे. रोख हातात देऊच नका, बाईच्या एकटीच्या खात्यात टाका. व्हाउचरवर नावाऐवजी संस्थेचा कोड, नाव-कोडची वही कुलपात. बँकेची नोंद हाच पुरावा. रक्कम उपचाराचे पहिले सहा महिने, म्हणजे पहिला व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची तपासणी) होईपर्यंत. टीबी असेल तर त्याचा कोर्स संपेपर्यंत, कारण रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असताना डोल्युटेग्राविरची जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते, आणि तीच चुकते.

हिशोबनीस_दादर: खात्यात टाकायला माझी हरकत नाही, सहा महिने ही मुदतही चालेल. पण एटीएम कार्ड घरातल्या पुरुषाकडे असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जिचं कार्ड तिच्याकडे नाही तिला किटच, यावर मी मागे हटणार नाही.

गोवंडी_लिंक_रोड: तिला किट द्या. तांदूळ वगळा, दोन किलो तूरडाळ, एक किलो शेंगदाणे, अंड्यांसाठी जवळच्या दुकानात आगाऊ पैसे. गोळ्यांची पाकिटं नकोत. पिशवी किराणा दुकानातली, साधी, छापील नाव नसलेली.

हिशोबनीस_दादर: बॅनर आणि फोटो काढून टाकतो. अंड्यांचं बिल मात्र दुकानदाराकडून दर महिन्याला लागेल.