दमट हवेत टिकतील अशा नाताळच्या वस्तू: मुलांसोबत घरी काय करता येईल?

पानवेल:
आम्ही वसईचे, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. गेल्या आगमनकाळात (नाताळआधीच्या चार आठवड्यांत) तिघांनी मिळून मिठाच्या कणकेचे तारे, घंटा आणि मासे केले. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीला थोडं कमी पाणी. धाकट्याने एका गोलावर अंगठा दाबला आणि "हा माझा" म्हणत दोन दिवस तो हातात घेऊन फिरला. तीन राजांच्या सणाला (सहा जानेवारीला) सगळं उतरवून डब्यात ठेवलं. ऑगस्टमध्ये डबा उघडला तर तळाला पाणी सुटलेलं, ताऱ्यांचा लगदा झालेला. अंगठ्याचा गोलही गेला. त्याला अजून सांगायचा धीर झालेला नाही आणि तो अधूनमधून विचारतो.

यंदा आगमनाच्या पहिल्या रविवारआधी बसायचं आहे. विकतचे चकचकीत गोळे नकोत. घरात ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे. काय करू?

कोरडी_माती:
मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून किनाऱ्यावर ती कणीक पावसाळा काढत नाही. त्याऐवजी दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लॉर, सव्वा वाटी पाणी घ्या. मंद आचेवर मोदकाची उकड काढतो तसं घोटत राहा. आधी दुधासारखं पातळ असतं, मग एकदम आळतं आणि गोळा कडा सोडतो. लगेच उतरवा, जास्त शिजलं तर लाटताना चिरा जातात. ओल्या फडक्याखाली गार करून मळा आणि पाव सेंटिमीटरपेक्षा थोडं जाड लाटा. भोक स्ट्रॉने पाडा, सुकताना ते आवळतं. रंग पांढराशुभ्र येतो आणि बोटाची रेघन् रेघ उमटते. पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतही व्हार्निश लावा. हे काम मात्र तुम्ही करा, मुलांना देऊ नका.

हिवाळी_खिडकी:
मी जर्मनीत राहते. इथे संत्र्याच्या चकत्या ओव्हनमध्ये शंभर अंशांवर तीन-चार तास वाळवून झाडाला टांगतात. घरात हीटर असल्याने त्या कडक राहतात, वसईत चिकट होतील. पानवेलताई, तुमच्या मुलीसाठी कागदी फ्रोबेल तारा सुचवते. दीड सेंटिमीटर रुंद आणि पंचेचाळीस सेंटिमीटर लांब अशा चार पट्ट्या घ्यायच्या. त्या मधोमध दुमडून एकमेकींत चटईसारख्या ओवल्या की पाया तयार. पुढे घड्या घालत सोळा टोकं निघतात, गोंद लागत नाही. 1837 साली ज्यांनी मुलांसाठी खेळातून शिकण्याची शाळा काढली, त्या फ्रीडरिश फ्रोबेल यांचं नाव या ताऱ्याला आहे. किंडरगार्टन हा शब्दही त्यांचाच. सातव्या वर्षी पाया जमतो, शेवटच्या उभ्या टोकांना आईचा हात लागतो. जरा जाड कागद घ्या, पातळ असेल तर टोकं मान टाकतात.

आगाशीची_काकू:
अगं बाय, सुकेळी करतो तेव्हा आपण काय सांभाळतो? राजेळी केळी दिवसा उन्हात ठेवायची आणि दव पडायच्या आत घरात घ्यायची. तुझे तारेही तसेच वाळव. रात्री गच्चीवर राहिले तर दिवसभराची मेहनत वाया. आणि पोरांना घेऊन सुरूच्या बनात जा. खाली ती बोराएवढी खरखरीत फळं पडलेली असतात. आम्ही लहानपणी त्यांना चुना लावून दोऱ्यात ओवायचो. झाडही सुरूच्या फांदीचंच असायचं, कुंडीत रोवलेलं. फळं आधी उन्हात टाक, आतलं बी गळून जाऊ दे.

पानवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सोड्याची उकड काढली. पहिली खेप जास्त शिजून भुगा झाली, दुसरी लोण्यासारखी मऊ आली. मुलीने चार तारे ओवले, पैकी एक पूर्ण तिच्या हातचा आहे. काकू, सुरूची दोन ओंजळी फळं सुपात वाळताहेत. चुना मीच लावेन, पोरांनी फक्त ओवायचं असं ठरलंय.

लगदा झाल्याचं धाकट्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग विचारलं, "मग माझा अंगठा कुठे गेला?" मी त्याचा हात धरून अंगठा दाखवला. त्याने नव्या गोलावर तो इतका जोरात दाबला की गोल आरपार गेला. दुसऱ्या वेळी हळू दाबला. मागे सुईने वर्ष कोरलंय. दिवसा ऊन दाखवलं, संध्याकाळी पाचला आत घेतला. आता पंख्याखाली आहे, उद्या सकाळी उलटायचा.