सिममध्ये (रेसिंग सिम्युलेटर गेममध्ये) फास्ट म्हणजे खऱ्या ट्रॅकवर पण फास्ट?

रेवलिमिटर_पुणे:
मंडळी, दोन वर्षं झाली जी२९ (गेमचं स्टीअरिंग आणि पेडल) घेऊन, रोज रात्री दीड-दोन तास असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा रेसिंग गेम चालू असतो, जीटी३ क्लासच्या रेस कारमध्ये सिल्व्हरस्टोन ट्रॅकला १:५९ चा लॅप बसतोय म्हणजे एलियन (सगळ्यात फास्टवाला) नाही पण अगदीच कच्चा पण नाही. आता कोइम्बतूरला करी स्पीडवे ट्रॅकवर रेसिंगचा कोर्स करायचं डोक्यात आहे. पण वर्षभर पैसे साठवून तिथे जायचं आणि पहिल्याच दिवशी कळायचं की आपली सगळी मर्दुमकी टेबलाला क्लॅम्प केलेली होती, तसं नको व्हायला. पप्पा म्हणतात, गेम खेळून गाडी येत असती तर क्रिकेटचा गेम खेळून मी सचिन झालो असतो. त्यांना दाखवायला काही आहे का?

अपेक्स_हुकला:
पप्पांना विल्यम बायरन दाखव. घरात कोणी रेसर नाही, पोरगा आयरेसिंग या सिमवर शिकला, मग खऱ्या गाडीत बसला आणि २०२४ ला अमेरिकेतली मोठी रेस डेटोना ५०० जिंकली, २०२५ ला परत जिंकली. यान मार्डेनबरो तर प्लेस्टेशनवरून आला, २०११ ला निसानची जीटी अकॅडमी (गेमर्समधून रेसर निवडायची स्पर्धा) जिंकला आणि २०१३ ला ल मॉंच्या २४ तासांच्या रेसमध्ये एलएमपी२ क्लासमध्ये तिसरा. आणि सप्टेंबर २०२५ ला जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगला एफ१ चॅम्पियन मॅक्स वर्स्टापेनने फेरारी जीटी३ मधून रेस जिंकली ना, तेव्हा त्याच्या जोडीला जो क्रिस ललम होता तो पण सिमवालाच. अजून काय पुरावा पाहिजे?

बॉक्स_बॉक्स:
हो पण अर्धीच गोष्ट सांगतोयस की भाऊ. मार्डेनबरोच्या वर्षी ९० हजार जण होते म्हणे, त्यातला एक उचलला आणि निसानने पैसे ओतून त्याला खऱ्या गाडीत घडवला. २०२० ला जेम्स बाल्डविन ब्रिटिश जीटी चॅम्पियनशिपमध्ये पहिल्याच वीकेंडला ऑल्टन पार्क ट्रॅकला जिंकला, सगळीकडे 'गेमर जिंकला' म्हणून बोंबाबोंब, पण तो लहानपणी कार्टिंग करून आलेला हे कोणी लिहीत नाही. आणि जेम बोलुकबाशी एफ१ ईस्पोर्ट्समधून (एफ१ च्या गेमिंग स्पर्धेतून) २०२२ ला पार एफ२ पर्यंत, म्हणजे एफ१ च्या खालच्याच पायरीपर्यंत गेला, पण सीझन संपायच्या आत बाहेर. जिंकलेल्यांची यादी बघून आपलं गणित मांडायचं नसतं रे.

पंचगंगा_कार्टर:
मी दोन्ही केलंय म्हणून सांगतो. आमच्या कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे, तीन वर्षं सिम खेळून तिथे गेलो, छाती फुगवून. लाईन (ट्रॅकवरून गाडी न्यायचा सगळ्यात फास्ट मार्ग) पहिल्याच सेशनला बरोबर होती हे खरं, नजर कुठे ठेवायची, कॉर्नर कुठून उघडायचा, पुढच्याला ओव्हरटेक कुठे करायचा, हे सगळं सिमनेच शिकवलेलं आणि बाकीची नवखी पोरं तिथेच चाचपडत होती. पण लगा, आठव्या लॅपला हाताला गोळे आले आणि रात्री बरगडी निळी. कार्टला सस्पेन्शन नसतं, मागचा ॲक्सल अख्खा एक, डिफरेन्शियल नाही म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक उचललंच पाहिजे नाहीतर गाडी वळतच नाही, सरळ निघते. ते चाक उचललं का नाही हे डोळ्याला दिसत नाही, बुडाला कळतं. आणि माझं बूड तीन वर्षं गेमिंग चेअरवर झोपलेलं होतं! सिममध्ये मागची बाजू सुटली की स्क्रीन फिरलेली दिसते मग आपण काउंटर (उलट स्टीअरिंग) मारतो, इथे दिसेपर्यंत मी टायरच्या भिंतीकडे तोंड करून बसलेलो. दोनदा. भिंत बघितल्यावर मग पुढचे सगळे ब्रेक दहा-दहा मीटर आधी. भीतीचं सेटिंग कुठल्याच सिममध्ये नाही. चौथ्या वेळेला गेलो तेव्हा कुठे शरीर ऐकायला लागलं, आणि त्यानंतर मात्र झपाट्याने टाइम खाली आला, तिथे सिमचा फायदा जाणवला.

लेटब्रेकर:
एक राहिलं. जी२९ चा ब्रेक पेडल किती खाली गेलं ते मोजतो, खऱ्या रेस कारमध्ये किती जोराने दाबलं त्यावर खेळ असतो आणि बऱ्याच गाड्यांना सर्वो (ब्रेक हलका करणारी मदत) पण नसतो. त्यामुळे तुझ्या पायाला चुकीची सवय लागलेली असणार. डायरेक्ट ड्राइव्हच्या (स्टीअरिंग थेट मोटरवर बसवलेल्या व्हीलच्या) मागे लागू नकोस, आधी लोड सेल पेडल घे, ते जोर मोजतं. ट्रेल ब्रेकिंग (वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडणं) त्यावर नीट शिकता येतं.

रेवलिमिटर_पुणे:
पप्पांना बायरन दाखवला. ते म्हणाले त्याचा बाप काय करतो बघ आधी. बघितलं, फायनान्शियल ॲडव्हायजर. मग म्हणाले बघ, आणि तुझा बाप रिटायर व्हायला आलाय. 😅 कोइम्बतूर तूर्तास पुढे ढकललंय, आधी कोल्हापूर. @पंचगंगा_कार्टर दादा, शनिवारी सकाळी येतोय, रिब प्रोटेक्टर तिथे मिळतो की इथून घेऊन येऊ?

पंचगंगा_कार्टर:
स्वतःचा आण, दुसऱ्याचा नीट बसत नाही. आणि नाष्टा करून ट्रॅकवर येऊ नको, मिसळ नंतर खाऊ.