मदत हवी आहे: सरासरीवरून गुणोत्तर, पण वावरं तीन

दोन वावरांचं गणित सुटतं. एकात कापसाचा एकरी उतारा ८ क्विंटल, दुसऱ्यात ५, मिळून सरासरी ६.८. क्षेत्रं क्ष आणि य एकर धरली तर ८क्ष + ५य = ६.८(क्ष + य), म्हणजे १.२क्ष = १.८य आणि क्षेत्रांचं गुणोत्तर ३ : २. पोरं इथंच घसरतात. क्षच्या शेजारी १.२ दिसतो म्हणून १.२ : १.८, म्हणजे २ : ३ लिहून मोकळी! ताळा केला तर (१६ + १५) ÷ ५ = ६.२ येतं, पण ताळा करतो कोण? ६.८ ही सरासरी ८ आणि ५ च्या मध्याच्या, म्हणजे ६.५ च्या वर आहे, म्हणजे ८ वालं वावरच मोठं, एवढं आधी ताडलं तरी चूक सापडते.

अडलंय ते तिसऱ्या वावरापाशी. उतारे ८, ६, ५, क्षेत्रं अनुक्रमे क्ष, य, झ, सरासरी ६.५. समीकरण सोडवलं की उरतं ३क्ष = य + ३झ. उत्तरसूचीत फक्त २ : ३ : १. पण ४ : ३ : ३ घेतलं तरी ६५ ÷ १० = ६.५ च!

सूचीतलं उत्तर बहुतेक प्रत्येकी ६.५ सरासरीच्या जोड्या लावून काढलंय: ८ आणि ६ चे १ : ३, ८ आणि ५ चे १ : १, मग बेरीज. दुसरी जोडी तिप्पट घेतली की ४ : ३ : ३ होतं. माझ्या मते 'पहिलं वावर तिसऱ्याच्या दुप्पट' अशी एखादी अट छापायची राहिली.

दहावीच्या पोरांना हे फळ्यावर कसं पटवता? आणि परीक्षेत असं आलं तर नेमकं काय लिहायला सांगता?