एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र: धारवाड की कोल्हापूर? आपले अनुभव लिहावेत

खानापूरकर:
भाचीचा बी.एस्सी.चा निकाल लागला आणि आमच्या पिढीत घरोघरी चर्चिला जाणारा प्रश्न पुन्हा समोर आला. माझ्या वेळी बेळगावची महाविद्यालये कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे धारवाड आपले वाटे. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले आणि आता येथील पदवीधराला धारवाड काय, कोल्हापूर काय, दोन्ही बाहेरचीच. मी धारवाडला गेलो, कारण खानापूरहून लोंढ्यामार्गे रेल्वे होती. तिथे शिकलेली एक गोष्ट मात्र जन्मभर पुरली. जांबोटीच्या रानातून आणलेले नमुने पावसाळ्यात वाळवताना वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावे लागत, नाहीतर पानांवर बुरशी धरे. आणि आमचे सर नमुन्याकडे पाहण्याआधी त्याची चिठ्ठी वाचत. ठिकाण, तारीख आणि ताज्या फुलाचा रंग यांपैकी एक जरी राहिले, तरी नमुना परत येई. आपल्या विभागात काय मिळाले, ते कृपया लिहावे.

निपाणीकर:
आमच्या निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, त्यामुळे घरात चर्चाच झाली नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील दुर्मीळ कंदीलपुष्पांची रोपे वाढवून ती पुन्हा डोंगरात लावण्याचे जे काम केले, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. वर्गीकरणात रस असलेल्या मुलीला ते वातावरण मिळालेच पाहिजे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की २०२२ च्या डिसेंबरमध्ये सीमाप्रश्न पेटला तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद पडल्या होत्या. रोज ये-जा करण्यापेक्षा वसतिगृह बरे.

मलप्रभाकाठ:
निपाणीकर, त्या दिवसांत माझी बहीण कोल्हापुरातच अडकली होती. आईला रात्र रात्र झोप नव्हती.

प्राणिशास्त्रवाली:
धारवाडचा विचार करताना प्राणिशास्त्र विभागाकडेही पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बेडकांच्या प्रजननावर प्रा. एस. के. सैदापूर यांनी केलेले संशोधन त्याच विभागातले. शिकवणे इंग्रजीतून असते, त्यामुळे मराठी शाळेतून आलेल्या मुलीची वर्गात अडचण होत नाही; पण रानात वनरक्षकाशी बोलायला कन्नड लागतेच. ते मी वसतिगृहातील मैत्रिणींकडून शिकले आणि पुढे भीमगडच्या परिसरात काम करताना त्याचा फार उपयोग झाला.

एक शिक्षिका, बेळगाव:
नोकरीचा मुद्दा कोणीच काढला नाही, म्हणून लिहिते. महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठी सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. त्यांतली सेट राज्याची असते. कर्नाटकाची सेट महाराष्ट्रातील महाविद्यालयात चालत नाही आणि महाराष्ट्राची इकडे चालत नाही. नेट मात्र देशभर चालते. सीमाभागातील मुलांनी, विद्यापीठ कोणतेही असो, पहिल्या वर्षापासून नेटचीच तयारी करावी, कारण पुढे घर कोणत्या राज्यात होईल हे विशीत कोणाला सांगता येते?

सीमावासी:
महाराष्ट्र सरकार दावा सांगते त्या ८६५ गावांपैकी आपले गाव असेल, तर सीमाभागातील उमेदवारांसाठी कोणती सवलत लागू आहे याची चौकशी आधी करावी आणि दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवावा. मुलाच्या वेळी एका कार्यालयाने दरवेळी नवा कागद मागितला आणि दाखला हाती येईपर्यंत प्रवेशाची मुदत टळून गेली. त्या वर्षाचे मला आजही वाईट वाटते. विद्यापीठ बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेटही लागते.

खानापूरकर:
सर्वांचे आभार. सीमावासी, मुलाचे ते वर्ष वाया गेले हे वाचून फार वाईट वाटले. दाखल्यासाठी उद्याच तलाठ्यांकडे जातो. भाचीला गवतांचा नाद आहे. माळावरून आणलेली कणसे ती भिंग घेऊन तासन् तास पाहत बसते.

निपाणीकर:
दादा, मग पहिली चौकशी कोल्हापूरला करावी. महाराष्ट्रातील गवतांच्या वर्गीकरणावर तिथे मोठे काम झाले आहे. भाचीला स्वतः विभागात जाऊन वनस्पतिसंग्रहातील गवतांचे नमुने पाहायला सांगावे, आणि धारवाडचा अर्जही भरून ठेवावा.