शब्दचर्चा : चीनची चिप-निर्मिती, 'स्वयंपूर्णता' की 'स्वावलंबन'?

प्रश्न : चीनमधल्या सेमीकंडक्टर उद्योगावरचा एक लेख मराठीत आणते आहे. अमेरिकेच्या एक्स्पोर्ट कंट्रोल्सना मी 'निर्यातबंदी' लिहिलं आणि चीनच्या ध्येयाला 'स्वयंपूर्णता'. संपादकांनी दोन्ही शब्दांखाली रेघ मारली आहे. योग्य शब्द कोणते?

उत्तर : ताई, संपादकांशी मी सहमत आहे. निर्यातबंदी म्हणजे माल बाहेर जायचाच नाही, जसा डिसेंबर 2023 पासून काही महिने आपला कांदा जात नव्हता. अमेरिकेने 7 ऑक्टोबर 2022 रोजी काढलेले नियम तसे नाहीत. ठरावीक क्षमतेपुढच्या चिप आणि त्या घडवायची यंत्रं चीनला विकायची तर आधी सरकारी परवाना काढावा लागतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत तो सहसा मिळत नसे. साध्या चिप मात्र आजही जातात. याला 'निर्यात-निर्बंध' म्हणावं. चीनच्याच वागण्यात हा फरक स्वच्छ दिसतो. ऑगस्ट 2023 पासून त्याने चिप-उद्योगात लागणाऱ्या गॅलियम आणि जर्मेनियम या मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला, तो निर्बंध. डिसेंबर 2024 मध्ये हा माल अमेरिकेला द्यायचाच नाही असं जाहीर केलं, ती बंदी.

'स्वयंपूर्ण' म्हणजे लागेल ते सगळं घरात असलेला. चिपच्या धंद्यात असा देश आज एकही नाही. अमेरिकेलाही नेदरलँड्सच्या एएसएमएल या कंपनीची चिप छापायची यंत्रं लागतात, तैवानचे कारखाने लागतात. चीनमध्ये माओच्या काळापासून चालत आलेला शब्दप्रयोग आहे 'त्झिली गंगशंग', म्हणजे स्वतःच्या बळावर पुन्हा उभं राहणं. त्यात हिमतीवर भर आहे, साठ्यावर नाही. म्हणून 'स्वावलंबन'.

दुसरं मत : 'स्वावलंबन' पटलं. पण त्याच्या जोडीचा चिनी शब्दही लेखात यायला हवा : 'छ्या बोत्झ', गळा आवळणं. एप्रिल 2018 मध्ये झेडटीई या चिनी कंपनीला अमेरिकी सुटे भाग मिळेनासे झाले आणि ती बंद पडायच्या बेताला आली. त्याच वर्षी तिथल्या 'सायन्स अँड टेक्नॉलॉजी डेली'ने परक्यांच्या मुठीत असलेल्या 35 तंत्रांवर लेखमाला चालवली, त्यात चिप छापायचं लिथोग्राफी यंत्रही होतं. मराठीत यासाठी 'नाक दाबणं' सुचेल, पण ते तोंड उघडावं म्हणून असतं. इथे हेतू चीनला मागे ठेवण्याचा आहे, तेव्हा 'कोंडी' चपखल बसतो.

प्रश्न : आणि 'यील्ड'? 'उत्पन्न' लिहिलं तर पैशाचा अर्थ लागतो.

उत्तर : 'उतारा' लिहा. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही : टनभर उसातून साखर किती, तसं एका वेफरवरच्या, म्हणजे चिप जिच्यावर घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या, चिपपैकी चालणाऱ्या किती. या विषयाचा जीव त्याच शब्दात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. एएसएमएलचं सर्वांत पुढचं यंत्र 13.5 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तरंगलांबीच्या प्रकाशाने नक्षी उमटवतं, आणि ते चीनला मिळत नाही. चीनच्या एसएमआयसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे 193 नॅनोमीटरची जुन्या पिढीची यंत्रं आहेत. एवढ्या जाड प्रकाशाने बारीक रेषा एका दमात येत नाही, म्हणून एकच थर तुकड्यातुकड्याने, पुन्हापुन्हा छापतात. दर वेळी आधीच्या रेषेशी तंतोतंत जुळवावं लागतं. जरा सरकलं की चिप बाद. फेऱ्या वाढतात, वेळ जातो, उतारा पडतो.

ऑगस्ट 2023 मध्ये हुआवे या चिनी कंपनीचा मेट 60 प्रो हा फोन आला. त्यातली 7 नॅनोमीटर वर्गातली चिप एसएमआयसीने याच वाटेने केली. तिथल्या इंजिनिअरांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण 'चीनने चिप बनवली' एवढंच छापून आपली वर्तमानपत्रं थांबतात याची खंतही वाटते. चिप बनवणं आणि परवडेल अशा उताऱ्याने बनवणं या दोन वेगळ्या बातम्या आहेत. मे 2024 मध्ये चीनने 344 अब्ज युआनचा तिसरा चिप-निधी उभारला. त्याचा हिशेब लिहिताना पहिल्या बातमीवर थांबू नका, दुसरीही विचारा.

दुसरं मत : 'उतारा' घ्याच. फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'चिपचा उतारा' असं पूर्ण लिहा, नाहीतर सातबाराचा वाटेल.