सल्ला हवा: मोबाइलवरचा सर्व्हायव्हल गेम, बाजाराचे कुठले आकडे धरून चालायचं?

मालवणी_पिक्सेल (कुडाळ)
दोघांची टीम, काम युनिटीवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर). पावसाळ्यात होडी भरकटून निर्मनुष्य बेटाला लागते. गोडं पाणी, सुकी लाकडं, मासे जमवायचे आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी सगळं उंचावर हलवायचं. ‘व्हाइटआउट सर्व्हायव्हल’, ‘लास्ट वॉर: सर्व्हायव्हल’ कमाईच्या चार्टवर कायम वर दिसतात, म्हणून हा प्रकार निवडला. वाट बरोबर आहे का? हाताशी ६०,००० रुपये आहेत, जाहिरातीवर किती घालावेत?

खाडीपलीकडे (चिपळूण)
विषय झकास आहे, पण त्या दोघांवरून अंदाज बांधू नका. नावात सर्व्हायव्हल असलं तरी आतून ते स्ट्रॅटेजी गेम आहेत. व्हाइटआउटमध्ये (२०२३) आधी भट्टी पेटती ठेवून माणसं जगवायची. पुढे सगळा खेळ अलायन्स (खेळाडूंचे गट), सैन्य आणि हल्ल्यांचा. अलायन्समध्ये मागे पडू नये म्हणून मोठ्या रकमा घालणारे मोजके खेळाडू, त्यांच्यावर ही कमाई चालते. त्यासाठी सतत नवे सर्व्हर उघडायचे आणि जाहिरातीवर पैसा ओतत राहायचं. दोघांना ते झेपणार नाही.

तुमचं नातं ‘लास्ट डे ऑन अर्थ’शी (२०१७): सामान गोळा करा, अवजारं बनवा, तग धरा. तुलना अशा खेळांशी करा. काही जण बॅटल रॉयलही (शेवटपर्यंत उरेल तो जिंकला, असे नेमबाजीचे खेळ) यातच मोजतात, तिथे सांभाळून. त्यातला बीजीएमआय (पबजीची भारतातली आवृत्ती) जुलै २०२२ मध्ये भारतातल्या स्टोअरवरून उतरला, मे २०२३ मध्ये परतला. त्या काळातला आलेख खाली गेला म्हणजे लोकांची आवड आटली असं होत नाही.

दर्यावर्दी_कोड (मालवण)
जाहिरातीचा हिशेब कागदावर करा. समजा हजार रिवॉर्डेड व्हिडिओंना (बक्षिसासाठी खेळाडू गेममध्ये बघतो त्या जाहिराती) तुम्हाला १०० रुपये मिळतात, म्हणजे एकाला १० पैसे. खेळाडू सरासरी ४ दिवस टिकला, रोज ३ व्हिडिओ पाहिले, तर १ रुपया २० पैसे. तुम्ही केलेल्या जाहिरातीतून एक इन्स्टॉल ५ रुपयांना पडला की प्रत्येकामागे ३ रुपये ८० पैसे खिशातून गेले. चार दिवसांचे पंधरा झाले तरी साडेचारच रुपये. म्हणून आधी टिकाव (खेळाडू किती दिवस परत येतो), मग जाहिरात. ६०,००० मधले फार तर १०,००० चाचणीचे खेळाडू आणायला काढा, बाकीचे राखून ठेवा.

टिकाव कुठे तुटतो तेही सांगतो: सेव्ह फाइल, म्हणजे खेळाडूची प्रगती साठवणारी फाइल. बॅटरी २ टक्क्यांवर, फोन मध्येच बंद, फाइल अर्धवट लिहिलेली. बांधलेलं घर गेलं की तो माणूस परत येत नाही. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, पूर्ण झाली की नाव बदलून मूळ फाइलच्या जागी बसवा, आणि एक मागची प्रत ठेवा. सेव्ह चालू असताना ॲप मुद्दाम मारून पन्नास वेळा तपासा. ३ जीबी रॅमच्या फोनवर, भारीतल्या नव्हे.

मालवणी_पिक्सेल (कुडाळ)
देव बरे करो. प्ले स्टोअरच्या क्लोज्ड टेस्टमधून (फक्त बोलावलेल्यांसाठीची चाचणी) टिकावाचा आकडा कळेल का?

खाडीपलीकडे (चिपळूण)
नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला सलग १४ दिवस १२ टेस्टर लागतात, ती फक्त खेळ प्रकाशित करायच्या परवानगीची पायरी. बारातला एक गळाला की आकडा ८ टक्क्यांनी हलतो. परवानगी मिळाली की ओपन टेस्ट (कुणालाही येता येईल अशी चाचणी) लावा, ओळखीबाहेरचे निदान ५०० जण येऊ द्या, मग पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती परतले ते बघा. पहिल्याच दिवशी गळती असेल तर सुरुवातीची दहा मिनिटं बदला. सातव्याला असेल तर करायला काही उरलेलं नाही, नवं उधाण, नवं बेट द्या. क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्क्यांच्या आत ठेवा. त्यावर गेलात की प्ले स्टोअर खेळ कमी दाखवतं, मग जाहिरात करूनही उपयोग नाही.