वसईच्या हरित पट्ट्यात मजले वाढवण्याआधी पाणी मोजा

भुईगावची
वसई-विरारच्या २००१ ते २०२१ च्या विकास आराखड्याची मुदत संपली. पुढच्या वीस वर्षांचा विषय निघाला की एक मागणी हमखास येते: पश्चिमेच्या गावांतला हरित पट्टा मोकळा करा, चटईक्षेत्र (जागेवर किती बांधकाम करता येतं त्याची मर्यादा) वाढवा. मी याच पट्ट्यातल्या भुईगावात राहते. माझा याला ठाम विरोध आहे, आणि कारण आमच्या विहिरीत आहे.

समुद्र आमच्या वाडीपासून पायी वीस मिनिटांवर. या पट्ट्यात रेतीत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर टेकून असतं. बेताने काढलं तर वर्षभर पुरतं, जास्त उपसलं की खारं वर चढतं. आजोबांच्या वेळी रहाट होता. मग मोटर आली, मग शेजारच्या इमारतीची बोअर. आता मे महिन्यात पाणी मचूळ लागतं. केळीच्या पानांच्या कडा करपतात. आई कडेवरून अंगठा फिरवते आणि हातात चुरा येतो.

आणि बावखलं! पूर्वजांनी वाड्यांना पाणी पुरावं म्हणून खणलेली ही तळी पावसाचं पाणी धरून ठेवतात, ते झिरपून विहिरींना मिळतं. आमच्या आळीतली दोन भरणी टाकून बुजवली. एकावर गाड्या उभ्या असतात. १९९० च्या आसपास हरित वसई आंदोलनाचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसोबत आमची माणसं रस्त्यावर उतरली ती याच पाण्यासाठी. आधी मोजा की हा पट्टा किती माणसांना पाणी देऊ शकतो, मग मजले ठरवा.

सोपारा पूर्व
ताई, तुमच्या विहिरीचं वाईट वाटतं, पण मीही मनापासून लिहितो. २०११ च्या जनगणनेतच या शहरात बारा लाखांवर माणसं होती. त्यांतले बहुतेक रेल्वेच्या आसपास आणि पूर्वेला दाटीने राहतात. तुमचा पट्टा हिरवा राहिला, कारण गर्दी आमच्या बाजूला वळली.

जुलै २०१८ ला आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे सहा कुटुंबं, लाईट नाही, प्यायला पाणी नाही. आम्ही बादल्या दोरीला बांधून टँकरवाल्याकडून वर ओढल्या. खाजणं आणि मिठागरं भरून इमारती उठल्या, त्याची ही किंमत.

परवडणारं कायदेशीर घर कुठेच मिळालं नाही की माणूस बेकायदा घर घेतो. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्याची पुंजी घातली, आणि २०२४-२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून त्या पाडल्या. संसार रस्त्यावर आले. पश्चिमेला थोडी जागा खुली झाली असती तर यातले काहीजण तरी वाचले असते.

अकरा गुंठे
मी तुमच्याच पट्ट्यातला शेतकरी, भुईगावची ताई. तिघे भाऊ, अकरा गुंठे. पानवेल गेली, केळीला भाव नाही, सोनचाफा पहाटे तोडून दादरला पाठवायचा तर मजूर मिळत नाही. धाकट्याचं लग्न जमत नाही, का तर घरात खोली नाही. मुंबईच्या फुफ्फुसांसाठी आम्ही जमीन राखायची आणि त्याचा मोबदला शून्य? शहराला हिरवळ हवी असेल तर शहराने त्याचे पैसे द्यावेत. नाहीतर चार मजले बांधू द्या.

विक्रमगडहून
तुम्ही सगळे आपापल्या पाण्याबद्दल बोलताय. नळाला येणारं सूर्या नदीचं पाणी आमच्याकडून येतं. त्या नदीवर धामणी धरण बांधलं तेव्हा आमच्या भागाला, डहाणू-पालघर-विक्रमगडच्या शेतीला पाणी देऊ म्हणाले होते. आता त्यातून ४०३ दशलक्ष लिटर रोज शहरांकडे जाण्याची योजना आहे, १८५ वसई-विरारला आणि २१८ मिरा-भाईंदरला. ज्यांची गावं धरणात गेली त्यांचे पोरगे वीटभट्टीवर जातात. मजला वसईत वाढतो तेव्हा कालवा आमच्याकडे आटतो. आराखड्यात आमचं नाव कुठे आहे?

भुईगावची
विक्रमगडकर, हे मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. पाणी मोजा म्हणताना मी फक्त माझी विहीर धरली होती.

सोपारकर दादा, एका गोष्टीवर मात्र अडते. पश्चिमेला मजले आले तर ती घरं तुमच्या शेजाऱ्यांना परवडतील का? आमच्याकडे जी संकुलं झाली त्यात चाळीतलं एकही कुटुंब आलेलं मी पाहिलं नाही. शिवाय पूर्वेचं पाणी वसईच्या खाडीकडे आणि समुद्राकडे आमच्याच बाजूने उतरतं. नाले, शेतं, बावखलं भरणी टाकून बुजवली की ते तुमच्या तळमजल्यावरच थांबणार. २०१८ च्या पुरानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने धारण तलाव, म्हणजे पुराचं पाणी काही काळ साठवणारे तलाव, सुचवले होते. माझं म्हणणं, नव्या आराखड्यात आधी त्या तलावांच्या आणि बावखलांच्या जागा गट क्रमांकासकट आखा. उरलेल्या जागेवर बोलू.

सोपारा पूर्व
तलावांना माझा पाठिंबा आहे. पण राखीव जागा कागदावर आखून काय होतं ते आम्ही पाहिलंय, त्या ४१ इमारती राखीव जागेवरच होत्या. कुंपण, पहारा, दर सहा महिन्यांनी मोजणी, हे कोण करणार ते आधी लिहा. आणि घरं परवडत नाहीत म्हणून घरंच नकोत, हे मला पटत नाही. स्टेशनपासून चालत जाता येईल तिथे लहान घरं सक्तीची करा.

अकरा गुंठे
हे सगळं मोजून होईपर्यंत माझ्या भावाने कुठे राहायचं?

भुईगावची
दादा, तुमच्या भावाचं घर आणि बिल्डरचा टॉवर एका नियमात बसवू नका. गावठाणाची हद्द वाढवा, स्वतःच्या कुटुंबासाठी दुमजली घराला सरळ परवानगी द्या, आणि बावखल राखणाऱ्याला घरपट्टीत सूट द्या. याला माझा कधीच विरोध नव्हता. बोअर मारून पंधरा मजल्यांना पाणी ओढण्याला आहे.

अकरा गुंठे
गावठाणाचं आणि घरपट्टीचं लेखी आलं तर नव्या आराखड्यावर तुम्ही हरकतीचा अर्ज द्याल त्यावर मी सही करीन. आमचं बावखल अजून आहे, वडिलांनी बुजवू दिलं नाही. पण चार मजल्यांची मागणी मी सोडलेली नाही, तिचा वेगळा अर्ज देणार.